उशिरा पोचलेली अंगठी

रत्नागिरीचा थिबा राजवाडा दाखवायला आम्ही विद्यार्थ्यांच्या सहली नेत आलो, त्याला आता बरीच वर्षे झाली. आम्ही दोघेही एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि (कोणी विचारायच्या आत सांगितलेले बरे) नवराबायकोही आहोत; तेव्हा या लेखातला 'आम्ही' हा संपादकीय नसून शब्दशः घ्यावा. सहलीत इतिहास सांगण्याचे काम आमच्याकडे येते, कारण इतिहासाचे सहकारी सहलीला येत नाहीत. ब्रह्मदेशाचा राजा कोकणात कसा आला, या प्रश्नाचे उत्तर आम्हांला पाठ झालेले आहे. 1885 साली इंग्रजांनी मंडाले घेतले, थिबा राजाला पदच्युत केले, पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीस आणून ठेवले. हा वाडा 1910 साली तयार झाला आणि 1916 च्या डिसेंबरात राजा इथेच वारला. एवढे सांगून झाले की मुले समुद्राकडे पळतात.

2017 सालच्या सहलीत मात्र द्वितीय वर्षाच्या एका मुलीने भलताच प्रश्न केला. थिबाच्या आधी कोण होता? त्याचे वडील, मिंडोन. त्यांना किती मुलगे? पुष्कळ, अनेक राण्यांपासूनचे. "मग हाच का?" असे तिने विचारले आणि आम्ही गप्प झालो.

घरी येऊन वाचू लागलो तेव्हा उत्तर मिळाले, ते काही सहलीत सांगण्यासारखे नव्हते. मिंडोनचा वारस म्हणून त्याच्या भावाला, कनाउंगला, नेमलेले होते. त्याला 1866 मध्ये मिंडोनच्याच दोन मुलांनी राजवाड्यात ठार मारले. तेव्हापासून मिंडोनने वारस नेमण्याचे टाळले. ज्याचे नाव घ्यावे त्याचा जीव धोक्यात, अशी ती धास्ती. 1878 साली तो मृत्युशय्येवर असताना एका राणीने आणि काही मंत्र्यांनी मिळून थिबाला पुढे आणले, कारण तो तरुण होता, मठात शिकलेला होता आणि त्याला आपल्या मुठीत ठेवता येईल असे त्यांना वाटले. पुढच्या फेब्रुवारीत राजघराण्यातील सुमारे 80 माणसे मारली गेली. 'हाच का'चे उत्तर इतकेच की इतर उरले नाहीत.

हे वाचत असताना ग्रंथांत वारंवार मागे बोट दाखवले जात होते. ही रीत जुनी आहे, पगानपासूनची आहे, असे. पगान (आजचे बगान) हे इरावती नदीच्या वळणावरचे राज्य. अकरावे ते तेरावे शतक हा त्याचा भराचा काळ. त्याचे शास्त्रोक्त नाव अरिमर्दनपूर, म्हणजे शत्रूंचे मर्दन करणारे नगर. मात्र त्याच्या बखरी वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते: या नगरात मर्दन झालेले अरी बहुतांशी सख्खे किंवा सावत्र होते.

पगानच्या एका राजाचा आरंभच मुळी काकडीच्या वेलाखाली झाला, असे बखर सांगते. शिकारीत भुकेला झालेला राजा एका शेतकऱ्याच्या मळ्यात शिरला आणि न विचारता काकडी तोडून खाऊ लागला. शेतकऱ्याने चोर समजून त्याला दांडक्याने हाणले, राजा मेला. राणी शहाणी. गोंधळ माजू नये म्हणून तिने त्या शेतकऱ्यालाच गुपचूप राजवाड्यात आणून राजा केले. (अगदी अशीच गोष्ट कंबोडियातही सांगतात, म्हणजे काकडी ऐतिहासिक नसावी. पण लोकांना आपल्या राजाची अशी सुरुवात सांगावीशी वाटली, ही बाब ऐतिहासिकच आहे.) त्या शेतकरी राजाला एकाने हटवले, हटवणाऱ्याला आधीच्या राजाच्या मुलांनी फसवून भिक्षू केले, आणि भिक्षू झालेल्या त्या बापाच्या मुलाने, म्हणजे अनोरथाने, 1044 साली सावत्र भाऊ सोक्कते याला घोड्यावरच्या द्वंद्वात भाल्याने मारले. म्यिन्काबा या गावाचे नाव त्या द्वंद्वानंतर पाण्यावर तरंगत आलेल्या खोगिरावरून पडले, अशी लोकांत समजूत आहे. म्यिन्काबा हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. आपल्याला तिथे परत यायचे आहे. भावाला मारल्यानंतर अनोरथाला झोप येईना. तेव्हा इंद्राने स्वप्नात येऊन सांगितले की पाप फिटायला हवे असेल तर स्तूप बांध, विहिरी खण, धर्मशाळा घाल. पगानची पडीक माळराने आज 3500 हून अधिक वास्तूंनी भरलेली आहेत. त्यातल्या किती विटा श्रद्धेच्या आणि किती निद्रानाशाच्या, हे कोणी मोजलेले नाही.

अनोरथाचा मुलगा सॉलू याच्या अंताची कथा आम्हांला सर्वांत विदारक वाटते. त्याच्या दाईचा मुलगा, म्हणजे त्याचा दूधभाऊ, न्गा यमनकान याने बंड केले आणि सॉलूला कैद केले. अनोरथाचा जुना सेनानी क्यान्सित्था रात्री शत्रूच्या छावणीत शिरला, राजाला खांद्यावर घेऊन निघाला. वाटेत सॉलूच्या मनात आले की याला मी वाईट वागवले आहे, हा मला मारायलाच नेत असणार. दूधभाऊ मात्र मला मारणार नाही. त्याने ओरडून पहारेकरी जागे केले. क्यान्सित्थाने त्याला खाली टाकले, मूर्ख म्हणून संबोधले आणि नदीत उडी घेतली. दूधभावाने पुढे सॉलूला ठार केले. ज्या घरात खांद्यावर घेणारा आणि गळा कापणारा यांतला फरक ओळखू येत नाही, त्या घराविषयी आणखी काय बोलावे?

यादवांच्या देवगिरीतही असे घडलेच. 1271 साली रामचंद्राने चुलतभाऊ आमण याच्याकडून गादी घेतली आणि त्याचे डोळे काढवले. लीळाचरित्र शिकवताना ज्या यादवकाळाला आम्ही ज्ञानाचा आणि भक्तीचा काळ म्हणतो, त्याच काळाच्या मधोमध हे डोळे आहेत. आम्ही वर्गात त्यावरून पटकन पुढे जातो.

पगानमध्ये हे इतक्या वेळा का घडावे? मोठा मुलगाच राजा होईल असा पक्का नियम नव्हता. भाऊ चाले, मुलगा चाले, नातू चाले, जावईही चाले; राण्या अनेक, त्यांची माहेरे अनेक, आणि प्रत्येक माहेराला आपला उमेदवार. पण त्याहून खोल कारण कर्मसिद्धान्तात आहे. राजा होतो तो पूर्वजन्मीच्या पुण्याने होतो, असे एकदा मानले की जो गादीवर बसला त्याचे पुण्य सिद्धच झाले. तो कसा बसला हा प्रश्न उरत नाही. हरलेल्याचे पुण्य कमी पडले. हा युक्तिवाद अभेद्य आहे. यशस्वी माणसाच्या विरोधात तो कधीच वापरता येत नाही.

असो. क्यान्सित्था 1084 मध्ये राजा झाला आणि या हाणामारीतून एक वाट काढण्याचा प्रयत्न त्याने केला. आपली मुलगी श्वे एइन्थी त्याने मारल्या गेलेल्या सॉलूच्या मुलाला दिली. पट्टिकेर देशाचा (बंगालकडचा) राजपुत्र तिच्यावर जीव टाकत होता, पण तो परका. त्याला दिली तर राज्य परक्याकडे जाईल. राजपुत्राने प्राण दिला असे बखर म्हणते. इकडे मुलीला मुलगा झाला. त्या बाळाच्या अंगात दोन्ही घराण्यांचे रक्त. आनंदाच्या भरात आजोबाने तान्ह्याला सिंहासनावर ठेवले आणि राज्य तुझे, मी केवळ सांभाळणारा, असे जाहीर करून टाकले. हाच पुढचा अलाउंगसिथू.

त्याला ठाऊक नव्हते की त्याला एक मुलगा आहे.

फार पूर्वी, राजाच्या मर्जीतून उतरून वनवासात असताना क्यान्सित्थाची गाठ एका तपस्व्याच्या पुतणीशी पडली होती. नाव थंबुला. बोलावणे आले तेव्हा ती गरोदर होती. त्याने तिला बोटातली अंगठी काढून दिली आणि सांगितले की मुलगी झाली तर ही विकून तिला वाढव, मुलगा झाला तर त्याला घेऊन माझ्याकडे ये. ती आली, मुलाचे बोट धरून आणि अंगठी घेऊन. राजाने अंगठी पाहिली, तिला ओळखले, राणी केले. आणि मग, बखरकार लिहितात, त्याला वाईट वाटले. कारण शब्द देऊन झाला होता.

मराठीच्या शिक्षकाला इथे शाकुंतल आठवले नाही तर त्याची पदवी काढून घ्यावी. तपोवन आहे, गरोदर स्त्री आहे, राजा आहे, अंगठी आहे, मुलगा आहे. पण कालिदासाने अंगठी हरवली आणि त्यामुळे सगळे साधले. मासळीच्या पोटातून का होईना ती सापडली की भरताला सिंहासन मिळणार, हे प्रेक्षकाला माहीत असते. पगानमध्ये अंगठी हरवत नाही. शाप नाही, विस्मरण नाही, राजा तिला पाहताक्षणी ओळखतो. अंगठी फक्त उशिरा पोचते. कोणाचा दोष नाही, आणि म्हणूनच कोणाला शिक्षा करून किंवा क्षमा करून ही गोष्ट मिटवता येत नाही. या मुलाचे नाव राजकुमार. नुसते 'राजकुमार'. ज्याला राजा व्हायचे नाही त्याला शोभेल असे.

हे सगळे आम्ही 2018 च्या दिवाळीच्या सुमारास वाचत होतो, आणि का वाचत होतो हे प्रांजळपणे सांगायला हवे.

आमच्यापैकी एकाचे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. नाना. घाटावरच्या गावात त्यांचे घर आणि साडेतीन एकर जमीन, दोन्ही स्वकष्टार्जित. त्या दिवाळीत त्यांनी आम्हांला न विचारता दोन्ही भाच्याच्या नावे बक्षीसपत्राने करून दिली. भाचा लहानपणी पोरका झाला तेव्हापासून नानांकडे वाढलेला. आमच्याहून वयाने मोठा, आम्ही त्याला दादा म्हणतो. शेत त्यानेच कसले, नानांची दुखणी त्यानेच काढली, आम्ही शहरात राहून मे महिन्यात आंबे खायला जात होतो. हे सगळे आम्हांला कळत होते. फेरफाराची नोटीस आली तेव्हा तरीही आम्ही तलाठ्याकडे लेखी हरकत दाखल केली. अर्जाचा मसुदा आमच्यापैकी दुसरीने लिहिला. तिचे हस्ताक्षर बरे आहे. 'मग हाच का?' हा प्रश्न त्यानंतर आमच्या घरात रोज विचारला जात होता, फक्त विचारणारी विद्यार्थिनी नव्हती.

पगानची तिकिटे त्याआधीच काढलेली होती. डिसेंबरात गेलो.

म्यिन्काबा हे आता लाखकामासाठी प्रसिद्ध असलेले खेडे आहे. खोगीर तरंगत आले ते हेच. इथेच गुब्याउक्जी नावाचे, फारसे मोठे नसलेले मंदिर आहे, आणि ते राजकुमाराने बांधलेले आहे. खिडक्यांना दगडी जाळी, म्हणून आत अंधार; छायाचित्र काढायला मनाई. विजेरीच्या प्रकाशात भिंतीवर चौकटी दिसू लागतात. पाचशेहून अधिक जातककथा, प्रत्येकीखाली मोन भाषेत एकेक ओळ. जातकांत गादी सोडून देणारे राजपुत्र किती आहेत, हे भिंतीसमोर उभे राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. त्यांच्याकडे पाहून राजकुमाराच्या मनात काय येत असेल, असा प्रश्न आम्हांला पडला. तो जरा बाळबोध आहे, पण पडला खरा.

शेजारी म्याझेदी, म्हणजे पाचूचा स्तूप; तो सोन्याने मढवलेला आहे. त्याच्या आवारात एका छपराखाली चौकोनी दगडी खांब उभा आहे. याची जोडीची दुसरी प्रत तिथल्या वस्तुसंग्रहालयात आहे. चार बाजूंना चार भाषा: पाली, मोन, प्यू आणि बर्मी. काळ 1113 च्या सुमाराचा. बर्मी भाषेतल्या अगदी आरंभीच्या लेखांपैकी हा एक. आमच्या भाषेत सांगायचे तर अलिबागजवळचा आक्षीचा शिलालेख आणि श्रवणबेळगोळ यांची जी जागा मराठीच्या वर्गात, ती याची बर्मीच्या वर्गात असावी. प्यू ही भाषा तर पुरती मेलेली होती. या दगडावर तोच मजकूर इतर तीन भाषांत होता म्हणून ब्लॅग्डन यांना 1911 साली ती बरीचशी वाचता आली. युनेस्कोने 2015 मध्ये हा लेख जगाच्या स्मृतिसंचितात नोंदवला.

लेख राजकुमाराचा आहे. तो काय सांगतो? अरिमर्दनपुरात अमुक वर्षी त्रिभुवनादित्य धर्मराज (म्हणजे क्यान्सित्था) राजा झाला. त्याची लाडकी राणी त्रिलोकवटंसकादेवी, तिचा मुलगा राजकुमार. राजाने राणीला दासांची तीन गावे दिली होती. राणी वारल्यावर तिचे दागिने आणि ती तीन गावे राजाने मुलाला दिली. राज्य करून 28 वर्षे झाली आणि राजा मरणपंथाला लागला. तेव्हा मुलाने बापाने पोसल्याचे उपकार आठवून सोन्याची बुद्धमूर्ती घडवली, ती राजासमोर नेली आणि म्हटले की ही मी तुमच्यासाठी केली आहे, तुम्ही मला दिलेली तीन गावेही मी या मूर्तीला देतो, तुम्ही अनुमोदन द्यावे. आजारी राजाला आनंद झाला, त्याने साधुवाद दिला, आणि थोर भिक्षूंच्या साक्षीने पाणी सोडले. पुढे मुलाने मूर्तीसाठी सुवर्णशिखराचे लेणेवजा मंदिर बांधले. शेवटी शाप आहे: जो या दानाला बाध आणील त्याला मैत्रेय बुद्धाचे दर्शन न घडो. आपल्याकडे अशा जागी गाढव येते. त्या मानाने हा शाप फारच सभ्य.

गादीविषयी एक अक्षर नाही. अलाउंगसिथूचे नाव नाही. अंगठीही नाही. अंगठीची कथा बखरीत आहे, आणि पगानच्या ज्या बखरी आज वाचल्या जातात त्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या. 'हम्मन्नन' ही, काचमहालाची म्हणून ओळखली जाणारी बखर बाजीडो राजाने 1829 साली लिहवायला घेतली, आणि त्या राजालाही 1837 मध्ये त्याच्या भावाने पदच्युत केले. म्हणजे भावाने भावाला मारल्याच्या कथा नीटनेटक्या करून लिहिणारी माणसे स्वतः तशाच एका राजवाड्याच्या छपराखाली बसली होती. खून, विष, खोगीर, काकडी, सगळे सातशे वर्षांनी. त्या काळातला, प्रत्यक्ष त्या घरातल्या माणसाचा शब्द हवा असेल तर हा खांब आहे, आणि तो भांडणाविषयी मौन पाळतो.

आमची पहिली प्रतिक्रिया अर्थातच भाबडी होती. केवढा मोठा मनाचा मुलगा! हक्काचे राज्य गेले, आणि हा बापासाठी मूर्ती घडवतो! हॉटेलात परतल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहणे टाळले, कारण घरच्या कपाटात हरकतीच्या अर्जाची पोचपावती होती.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. तेव्हा वेगळेच दिसू लागले. हा खांब म्हणजे कविता नव्हे. हे दानपत्र आहे, म्हणजे मिळकतीचा दस्त. कोणती तीन गावे, त्यांची नावे; ती मूळ कोणाची, कोणाकडून कोणाकडे आली; कोणाच्या अनुमोदनाने, कोणाच्या साक्षीने. मोठ्या भिक्षूंची नावे साक्षीदार म्हणून ओळीने कोरलेली. बर्मी बाजूला 39 ओळी, आणि असा मजकूर चार भाषांत, दोन प्रतींत. उद्या नवा राजा, ज्याला गादी मिळाली तो भाचा, ही गावे परत मागू शकला असता. एकदा ती बुद्धाच्या नावे झाली की त्याला हात लावता येत नव्हता. सावध माणसाचा हा दस्त आहे. प्रेमाचाही असेल. दोन्ही एकाच वेळी असायला काय हरकत आहे? आणि ज्या दासांची ती गावे, त्यांना राणीकडून राजपुत्राकडे आणि राजपुत्राकडून मूर्तीकडे जाताना कोणी विचारले नव्हते, हेही त्याच ओळींत लिहिलेले आहे. आम्ही पहिल्या दिवशी ते वाचूनही वाचले नव्हते.

आणि राजकुमाराने गादी सोडली, असे तरी कशावरून? त्याच्या मागे सैन्य नव्हते, आईचे माहेर म्हणजे रानातला एक तपस्वी. मंत्री अलाउंगसिथूच्या बाजूचे. लढला असता तर सोक्कतेसारखा संपला असता. आमच्या वकिलांनीही आम्हांला निघण्यापूर्वी स्पष्ट सांगितले होते की मिळकत स्वकष्टार्जित आहे, वडील शुद्धीवर आहेत, दस्त नोंदणीकृत आहे. हरकत टिकणार नाही. त्याच्याकडे सैन्य नव्हते, आमच्याकडे मुद्दा नव्हता. हरण्याची खात्री असताना न लढणे याला त्याग म्हणावे की हिशेब, हे त्या खांबावरून कळत नाही. आमच्यावरूनही कळले नसते.

मग ज्याला गादी मिळाली त्याचे काय झाले? अलाउंगसिथूने पन्नासहून अधिक वर्षे राज्य केले. थोरला मुलगा मिनशिनसॉ दूर घालवलेला; धाकटा नराथू जवळ. राजा आजारी पडला, बेशुद्ध झाला, तेव्हा नराथूने त्याला राजवाड्यातून हलवून जवळच्या श्वेगूजी मंदिरात नेऊन ठेवले. हे मंदिर राजानेच बांधलेले. तिथे राजा शुद्धीवर आला आणि संतापला, तेव्हा मुलाने पांघरुणाने त्याचा श्वास कोंडला. साल 1167. थोरला फौज घेऊन आला. नराथूने एका आदरणीय भिक्षूला मध्यस्थ घातले, भावाला सन्मानाने गादीवर बसवले आणि त्याच रात्री विष घातले. फसवला गेलेला तो भिक्षू देश सोडून सिंहलद्वीपाला निघून गेला. नराथूही चारेक वर्षांत मारला गेला. त्याच्या नावाशी जोडलेले धम्मयांजी हे पगानमधले सर्वांत अवाढव्य मंदिर; त्याचा आतला प्रदक्षिणामार्ग विटांनी भरून बंद केलेला आहे, का ते कोणालाच नक्की सांगता येत नाही. आम्ही त्या भिंतीला हात लावून आलो. गार होती.

पुढचे राजे भराभर सांगतो, कारण प्रकार तोच आहे. नराथूच्या एका मुलाने भावाची बायको घेण्यासाठी भावाला मोहिमेवर धाडले. भावाने माणूस पाठवून त्याला मारले आणि नरपतिसिथू म्हणून 1174 पासून उत्तम राज्य केले. त्याने मरण्यापूर्वी पाच मुलांना गोलात बसवून मध्ये पांढरे छत्र उभे केले. ते ज्याच्याकडे कलले तो राजा. थिलोमिन्लो या नावाचा अर्थच छत्राच्या मर्जीचा राजा असा सांगतात. त्या वेळी रक्त सांडले नाही. माणसांच्या हातून निर्णय काढून छत्राकडे दिल्याबरोबर सगळे भाऊ सुखाने नांदले, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे. 1256 मध्ये मात्र पुन्हा जुनेच: थोरल्या राजपुत्राने एका मंत्र्याच्या अंगावर विड्याची पिंक टाकली होती, म्हणून त्या मंत्र्याने त्याला डावलून धाकट्याला, नरथिहपतेला, पुढे आणले. याच राजाला मंगोलांच्या स्वारीत राजधानी सोडून पळावे लागले, आणि 1287 साली त्याच्याच मुलाने त्याला विष घ्यायला लावले. विड्याच्या पिंकेपासून विषाच्या पेल्यापर्यंत 31 वर्षे.

जानेवारीत आम्ही नानांकडे गेलो. दादा शेतावर होता, किंवा आम्ही येणार म्हणून शेतावर गेला होता. नानांना आम्ही खांबाचे छायाचित्र दाखवले, गोष्ट सांगितली. शिक्षकाला गोष्ट सांगताना येते तशी धास्ती वाटत होती. ते सगळे ऐकून म्हणाले, "मग त्या मुलाला काय मिळालं?"

"तीन गावं. आईचे दागिने."

"काही कमी नाही मिळालं," ते म्हणाले. थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, "आणि त्या नातवाला हे माहीत होतं का, की आजोबाला याचंही वाईट वाटलं होतं?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. बखरीत ते नाही, खांबावरही नाही. नाना आमच्याकडे पाहत नव्हते, दाराकडे पाहत होते. "तुझी हरकत आहे असं कळलं," ते मुलाला म्हणाले, "असू दे. कायदा आहे." त्यांनी 'माझं चुकलं' असे म्हटले नाही, आणि आम्हीही नाही. फेब्रुवारीत आम्ही मंडळ अधिकाऱ्यांसमोर हरकत मागे घेतली. दादा त्या दिवशी कचेरीत होता. त्याने चहाचे पैसे दिले, एवढेच. आमच्या मोठेपणाचा हा दाखला म्हणून कोणी वाचू नये. वकिलांचे म्हणणे वर दिलेलेच आहे.

नाना ऑगस्ट 2019 मध्ये गेले. त्यांच्या शाळेला पुस्तकांचे कपाट द्यायचे ठरले, आणि कपाटाच्या बाजूला भिंतीत एक पाटी. काळा ग्रॅनाइट, अक्षरावर पैसे. मजकूर आमच्याकडे लागला, तज्ज्ञ म्हणून. आधी दोनच नावे लिहिली होती, मुलगा आणि सून. मग कागद दोन दिवस टेबलावर तसाच पडून होता, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही दादाचे नाव घातले, तेही सर्वांत वर, वयाप्रमाणे. कोरणाऱ्याकडे जाऊन काम पाहण्याचे मात्र दादाने केले, कारण तो गावात होता.

जानेवारी 2020 मध्ये पाटी बसवली. आम्ही जाऊन पाहिली. 'स्मृतिप्रीत्यर्थ' या शब्दातले दोन्ही ऱ्हस्वदीर्घ बदलले होते. 'स्मृतीप्रित्यर्थ' असा काहीतरी प्रकार झाला होता. आणि आमच्या नावांपुढे, आम्ही न सांगता, प्रत्येकी 'एम.ए. (मराठी)' असे कोरलेले होते. दादाने कोरणाऱ्याला फोन करून ते मुद्दाम घालायला लावले होते, जास्तीच्या अक्षरांचे पैसे खिशातून देऊन. स्वतःच्या नावापुढे त्याने काही घातलेले नव्हते.

"बरोबर आलंय ना?" त्याने विचारले.

आम्ही दोघे एकदम म्हणालो, की बरोबर आले आहे.